एकच प्रत

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात दुपारी वीज जाणं ही बातमी नव्हती. येणं ही बातमी होती. दोन हजार आठच्या ऑक्टोबरात अशीच एकदा ती गेली. आभाळ सकाळपासून राखाडी होऊन बसलेलं. अनयच्या सायबर कॅफेत दोनच माणसं होती. एक स्वतः अनय, दुसरी कोपऱ्यातल्या मशीनवर टाइप करणारी, पिवळ्या ओढणीची मुलगी.

“भैया, मेरा लिखा हुआ गया क्या?”

बालाघाटात सगळ्या मुली सगळ्या दुकानदारांना भैया म्हणतात. सव्वीस वर्षांत अनयला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

“नाही गेलं,” तो मराठीत म्हणाला, कारण पडद्यावर मराठी होतं. “यूपीएस एकाच मशीनले आहे. तुम्ही नेमक्या तिथंच बसल्या.”

“मग माझं नशीब बरं म्हणायचं.”

“दहा मिनिटांपुरतं.”

ती हसली. मान थोडी कलवून, आवाज न करता... अनयनं ते हसू आणि यूपीएसचा लाल दिवा एकाच वेळी पाहिला. दोन्ही संपत आल्यासारखी वाटली.

तिचं नाव देवश्री. कंत्राटी शिक्षिका. आई गेल्या वर्षी वारली होती, आणि आईचे शब्द ही मुलगी ब्लॉगवर लिहून ठेवत होती. टोमॅटोला भेदरं, कोथिंबिरीला सांबार. एकेका शब्दाभोवती एकेक आठवण. दुसऱ्या दिवसापासून त्या मशीनवर ‘खराब है’ अशी पाटी लागली. चार वाजता देवश्री आली की मशीन दुरुस्त व्हायची.

“रोज माझ्याच वेळी बरी सुधरते ही,” नोव्हेंबरात ती म्हणाली.

“माणूस पाहून चालते.”

“मालकावर गेली वाटते.”

डिसेंबर उजाडेपर्यंत ‘भैया’ गळून पडला होता. त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं, पण जागा रिकामी आहे हेच अनयला पुष्कळ होतं.

आता अनयच्या घरचं थोडं सांगायला हवं. वडील भोजराज कचेरीच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसत. कागद एक असला की हरवतो, तीन असले की टिकतो, एवढंच त्यांनी मुलाला शिकवलं. घरात अनयच्या जन्मदाखल्याच्या चौदा प्रती होत्या, प्रत्येकीवर कुण्या ना कुण्या अधिकाऱ्याचा शिक्का. अनय जन्मला याबद्दल शासनाला शंका उरली नव्हती. अशा घरातला मुलगा प्रेमात पडला की काय करणार? त्यानं प्रती काढल्या.

नेटवर तेव्हा नव्या साइटी निघाल्या होत्या. लोक तिथं आवडलेलं इतरांना वाटायचे, बाकीचे त्याला मतं द्यायचे. रीत अशी की तिथं मूळ लेखाचा दुवा, म्हणजे लिंक, द्यावा. अनयनं अख्खा मजकूर चिकटवला. दुवा तुटतो, मजकूर टिकतो. नऊ साइटी, देवश्रीचा प्रत्येक लेख. तिचं नाव तेवढं टाकलं नाही. पोरीचं नाव गावभर कशाला? शेवटी लिहिलं, ‘मूळ पाहिले, नक्कल बरोबर आहे.’ लांब मजकुराची शेपटी त्या साइटी कापत. ती ओळ कुणालाच दिसली नाही.

मतं मात्र शेकड्यांनी पडली. संक्रांतीला तिळगुळासोबत हे तिला दाखवायचं त्यानं ठरवलं होतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी देवश्री आली ती हातात पाकीट घेऊन. पुण्याच्या एका संस्थेत बोलींचा कोश होत होता. वर्षभराच्या त्या कामासाठी तिनं अर्ज केला होता, सोबत ब्लॉगचा पत्ता. संस्थेनं उलट विचारलं होतं – हे लेखन शोधलं तर दुसऱ्याच नावानं सापडतं, तुमचा ब्लॉग दिसतच नाही. दहा दिवसांत खुलासा करावा.

“माझ्या आईले कोणीतरी चोरलं,” ती म्हणाली. “शोधून देता?”

अनयनं तिचीच एक ओळ सर्च इंजिनात टाकली. वर एकच निकाल आला. तळाशी बारीक अक्षरांत – मिळतेजुळते निकाल वगळले आहेत. वगळलेले उघडले, तर त्यांत सगळ्यात खाली तिचा ब्लॉग. एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला की सर्च इंजिन त्यातलं एक पुढं करतं, बरेचदा गर्दीतलं. बाकीच्यांना शिक्षा नाही. ते फक्त दिसत नाहीत.

वरच्या निकालावर नाव होतं – अनय, बालाघाट.

“हे तुम्ही?”

“हौ.”

“काहून?”

“हरवू नये म्हणून... तीन प्रती असल्या की—”

“अन् नाव? माझं नाव काहून काढलं?”

“उगाच चर्चा नको म्हणून.”

“म्हणजे आई माझी, लिहिणं माझं, अन् माझी अब्रू तुमच्या ताब्यात.” तिनं ओढणी सारखी केली. “इसका प्रिंट निकाल दो, भैया.”

त्यानं प्रिंट काढून दिला. एकच काढला.

त्याच दिवसापासून तो पुसत सुटला. सात साइटींवर काम सोपं होतं, दोन साइटींच्या चालकांना विनवण्या कराव्या लागल्या. एका लेखाखाली मस्कतहून, मूळच्या जवळच्याच कटंगी गावच्या कुणीतरी लिहिलं होतं – माझी आई पण भेदरंच म्हणायची. तिथं त्याचा हात थांबला. मग तेही पुसलं. पुण्याला कबुली पाठवायची होती, ती वडिलांनी टाइप केली. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, “पोरगी चांगली आहे का रे?”

“हौ.”

“मग चूक मोठी झाली.”

पान पुसलं तरी सर्च इंजिनाला ते कळायला दिवस लागतात. अनय रोज तीच ओळ टाकायचा. नवव्या दिवशी एकच निकाल आला, देवश्रीचा. खाली काही वगळलेलं नव्हतं. चारला ती दारात उभी राहिली.

“आता तुमचंच दिसते,” तो म्हणाला.

“माहीत आहे. समोरच्या कॅफेत पाहिलं.” ती म्हणाली, “पुण्याहून बोलावणं आलं. सोमवारी निघते.”

सोमवारी बसस्टँडवर धुकं होतं. गोंदियाची बस घुरघुरत उभी होती. पुण्याची गाडी तिथून. अनयनं खिडकीतून घडी केलेला कागद दिला.

“हे काय?”

“अर्ज.”

“किती प्रतींत?”

“एकच आहे. हातानं लिहिला. झेरॉक्स नाही काढली.”

देवश्रीनं त्याच्याकडे पाहिलं. त्या घरातल्या मुलानं असं म्हणणं म्हणजे काय, हे तिला तीन महिन्यांत कळलं होतं. तिनं कागद उघडला नाही. आईच्या शब्दांच्या वहीत ठेवला.

“राग गेला नाही अजून,” ती म्हणाली.

“हौ.”

“जाईल की नाही, तेही माहीत नाही.” बस हलली. “येते... अनय.”

घरी वडिलांनी विचारलं, “प्रत ठेवली का?”

“नाही.”

भोजराज पुष्कळ वेळ टाइपरायटरवर झाकण घालत राहिले.

पुण्याहून पत्र आलं नाही. ब्लॉगवर मात्र दर आठवड्याला एक शब्द येतो. अनय तो वाचतो, दुवासुद्धा कुणाला पाठवत नाही. कधी कधी कागदावर काय लिहिलं होतं ते आठवायला बसतो. पहिली ओळ आठवते; पुढचं दिवसेंदिवस पुसट होत चाललंय. ते सगळं आता तिच्याजवळच आहे – असलं तर.