आउटबॉक्समध्ये पाच

"शेठ आहेत का?"

हा प्रश्न त्याने टेबलाला विचारला. कारण मी टेबलाखाली होते... नेटची निघालेली वायर शोधत, ओढणी कमरेला खोचून, केसांत भाताचा कोंडा.

"शेठ भिवंडीला गेलेत," टेबल म्हणालं.

"मग टेबलालाच सांगतो. मी दिपेश. मुरबाडहून आलोय, मेलचा प्रोग्राम टाकायला."

बाहेर येताना माझं डोकं कडेला आपटलं. तो हसला नाही, पण हसू दाबायला त्याने ओठ आत घेतले ते मी पाहिलं. मला सगळं दिसतं. आई झाल्यापासून डोळे कधी सुटीवर जात नाहीत. बाकीची मी मात्र कायम दमलेली.

शहापूरच्या बाजारामागे कुंडलिकशेठची भातगिरणी आहे. ऑफिसात मी एकटी. त्याने तासाभरात गिरणीचं अकाउंट त्या नव्या प्रोग्राममध्ये बसवलं आणि कीबोर्ड उलटा करून त्यातलं मूठभर तूस टेबलावर पाडलं.

"इथं टाइप करता की पेरणी?"

"माझंही एक अकाउंट यात बसवाल? घरचं... म्हणजे माझं स्वतःचं. शेठना विचारलंय."

"मोबाइलवर नाय बघत?"

मोबाइल घरात एकच. तो खर्डीपलीकडच्या आमच्या गावी, सासूबाईंच्या कमरेला. कारण माझी कुनू, म्हणजे कुणाली, त्यांच्यापाशी असते. तिचा बाबा ती पाच महिन्यांची असताना हायवेवर अपघातात गेला. आता ती तीन वर्षांची आहे. दर दोन तासांनी गिरणीच्या फोनवरून मी विचारते... खाल्लं? झोपली? मागून हाक मारल्यावर वळली? कारण मागून तिला ऐकू येत नाही. समोर बसून बोललं तर ओठ बघून हसते. कानाच्या पडद्यांमागे पाणी साठलंय. छोटंसं ऑपरेशन. पण लांबवू नका, बोलणं मागे पडेल, असं ठाण्याचे डॉक्टर म्हणाले होते. तारीख मेलवर येणार होती, आणि गावात फोन लागतो, नेट लागत नाही.

एवढं सगळं मी त्याला सांगितलं नाही. "मुलीच्या दवाखान्याचा मेल येणार आहे," एवढंच म्हणाले.

त्यानेही आणखी काही विचारलं नाही. "पासवर्ड टाका. मी बघत नाय," म्हणाला आणि माझ्या खुर्चीमागे जाऊन, भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर मोठ्याने वाचायला लागला.

"मंगळवार, अंगारकी. बुधवार, काय नाय... झालं?"

"नाही. चुकला."

"गुरुवार, काय नाय. शुक्रवार..."

"दमलेय हो. बोटं अडखळतात."

"मग आमी पुढचा महिनापण वाचू. घाई नाय."

मी हसले. माझ्याच हसण्याचा आवाज मला जरा परका वाटला.

मेल येऊ लागले, पण जाईनात. गिरणीचे जात होते, फक्त माझे अडत होते. त्याने खुर्चीमागून वाकून पडद्याकडे पाहिलं. शर्टाला उन्हाचा आणि डिंकाचा वास होता.

"सर्व्हरचं असेल. शनिवारी येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी थांबल्यावर मी सेटिंग उघडून एकेक ओळ वाचली. बी.कॉम. झालेय, वाचता येतं. 'जाणाऱ्या मेललाही पासवर्ड लागतो' या अर्थाची एक ओळ होती. गिरणीच्या अकाउंटमध्ये तिच्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण होती. माझ्या अकाउंटमध्ये तो चौकोन रिकामा.

एवढा हुशार माणूस, आणि त्याला हे दिसू नये?

मी माउसचा बाण चौकोनावर नेला. क्षणभर तिथेच ठेवला... आणि काढून घेतला. शनिवारी येतो म्हणाला होता ना.

तो शनिवारी आला. पुढच्याही आला. सरळगाव, किन्हवली असा रस्ता तुडवत यायचा, भुवयांवर धूळ घेऊन. खुर्चीमागे उभा राहून निरनिराळ्या खिडक्या उघडायचा, मिटायचा. तो चौकोन असलेली खिडकी तेवढी उघडायचा नाही.

"जमतंय का?"

"अवघड केस आहे. तुमचं अकाउंट माणूस बघून वागतं."

"तुमचं दुकान कोण बघतं शनिवारी?"

"कुलूप बघतं."

चहा निवायचा. मध्येच मी घरी फोन लावून कुनूची चौकशी करायचे. तेवढा वेळ तो कीबोर्डातला कोंडा फुंकत राहायचा. जाताना सांगायचा, "अधूनमधून मला मेल टाकून बघा. गेला तर कळेल."

म्हणून मी टाकून बघत होते. पहिला एका शब्दाचा होता, 'चाचणी'. तो गेला नाही, आउटबॉक्समध्ये जाऊन बसला. न जाणाऱ्या पत्रात काय वाटेल ते लिहिता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्यात लिहिलं, 'आज डबा तसाच परत नेतेय. तुम्ही जेवलात?' तिसऱ्यात, 'कुनूचा ताप उतरला. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला.' चौथा लिहिताना गिरणी बंद होती, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. 'शनिवार लवकर का येत नाही?'

आउटबॉक्समध्ये चार. माझ्या अंगावर इतकी वर्षं नुसती कामं होती. हे चार मात्र काम नव्हते.

मग एका सोमवारी ठाण्याचा मेल आला. तारीख मिळाली होती. गुरुवारी पाच वाजेपर्यंत होकार कळवा, नाहीतर ती दुसऱ्या मुलाला जाईल. मी तिथल्या तिथे 'होय, आम्ही येतो' असं लिहिलं आणि 'पाठवा' दाबलं. तेवढ्यात फोन वाजला. कुनूने पुन्हा उलटी केली होती. दोन रात्री झोप नव्हती. मी पर्स उचलून निघाले.

बुधवारी परत आले ते थेट तुंबलेल्या कामात. गुरुवारी तीनला सहज डावीकडे नजर गेली.

आउटबॉक्समध्ये पाच.

जिला सगळं दिसतं, तिला हे तीन दिवस दिसलं नाही. शनिवारच्या लोभापायी मी स्वतःच्या लेकीचा होकार कोंडून ठेवला होता.

सेटिंग उघडली. चौकोनात खूण केली. वरचे चार पुसायला दहा सेकंद लागले असते. तेवढे माझ्याकडे नव्हते... असं मी स्वतःला सांगते.

प्रोग्राम जुन्यापासून सुरू झाला. पाचांपैकी एक. पाचांपैकी दोन. चौथ्याला निळी पट्टी मध्येच थांबली, तेव्हा मी पडद्याला हात जोडले. मग पाचवा. आउटबॉक्स रिकामा.

चार वाजता ठाण्याचं उत्तर आलं. तारीख पक्की, सकाळी आठला या. मी टेबलावर डोकं टेकलं. कोंडा गालाला चिकटला. रडले की नुसतीच दमले, सांगता येत नाही.

"मेल मिळाले."

आवाज मागून आला. गिरणी चालू होती, त्यामुळे बाइक ऐकूच आली नव्हती.

"चारही?" मी मान वळवली नाही.

"चारही. दोन दुकानात वाचले, उरलेले सरळगावला गाडी थांबवून... रुपाली, एक सांगायचंय. तो चौकोन..."

"रिकामा होता."

"मीच ठेवलेला. पहिल्या दिवशी. वाटलं, अडलं तर तुमी फोन तरी कराल."

मी पडद्याकडे बघतच त्याला सोमवारचा मेल सांगितला. पाचवा सांगितला. गुरुवारी पाचची मुदत सांगितली. "माझ्या पोरीची तारीख त्या चौकोनात अडकली होती, दिपेश."

मागून खूप हळू आवाज आला, "दवाखान्याचा मेल येणार म्हणालात, मेल तर येत होते ना... तुमाला पाठवायचापण असेल, हे माझ्या डोक्यातच नाय आलं. लय मोठी चूक झाली. उद्यापासून येत नाय मी."

त्याच्यावर सगळं टाकून मी मोकळी झाले असते. पण खोटं धरून ठेवायलाही बळ लागतं, ते कुठून आणू?

"मला दुसऱ्याच दिवशी दिसला होता तो चौकोन," मी म्हणाले.

"...मग खूण का नाय केली?"

"शनिवारी कोण आलं असतं?"

गिरणी थांबली. सगळीकडे एकदम शांत झालं. त्या शांततेत मी घरी फोन लावला.

"आई, तारीख मिळाली. पुढच्या बुधवारी. आणि... बरोबर एकाला न्यावं म्हणतेय. कॉम्प्युटरवाल्याला."

"तोच काय गो? दर शनवारी फोनात मागनं ज्याच्या फुंकरीचा आवाज येतो तो?" सासूबाईंचा आवाज असा की रिसीव्हर कानाला लावायची गरजच नसते. तिकडून एक मोठा श्वास ऐकू आला. "तू एकटी किती धावशील? येऊंदे त्याला. पन सांगून ठेव, पोरीशी बोलायचं तर समोर बसून बोल म्हनावं. मागनं तिला कळत नाय."

मी फोन ठेवला.

एवढ्या शनिवारांत तो कायम खुर्चीच्या मागूनच बोलला होता. आता पावलं वाजली. तो टेबलाला वळसा घालून पुढे आला, तांदळाची एक रिकामी गोणी घडी करून स्टुलावर टाकली आणि माझ्यासमोर बसला. भुवयांवर धूळ, डोळे लाल.

"आता..." तो म्हणाला, हळू, एकेक शब्द, मला ओठ दिसतील असा. "आता चौथ्या मेलचं उत्तर देऊ?"