ठमीचं तोंड

सकाळी डब्याच्या पिशवीत मेलेला मासा घेऊन मी कामाला निघाले, इतकी साधी सुरुवात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी प्राण्यांचे नमुने बरण्यांत भरते. साप, बेडूक, वटवाघळं. मेलेल्यांची मला कधीच भीती वाटली नाही. हसू नका, पुढचं ऐका.

मासा बाबांचा. म्हणजे आईने हौसेने आणलेला गोल्डफिश, नाव ठमी. आई गेल्यावर बाबा बोलायचे ते ठमीशीच. तीही टाकीच्या कोपऱ्यात त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून तरंगत राहायची. ती मेली आणि बाबांनी ताट बाजूला सारलं.

"तिला टिकवता येईल का गं?" एवढंच म्हणाले.

मी हो म्हटलं. बाबाही हातचे जातील, या धास्तीने मी कशालाही हो म्हटलं असतं.

शिपाईमामा डब्यात डोकावले. "ताई, आज मासे वाटतं?"

"आहेत. पण हात लावू नका."

ठमीचे पर टाचण्यांनी पसरले, पोटात फॉर्मॅलिन सोडलं. ते मुरल्यावर तिला धुतलं, काचपट्टीला दोऱ्याने बांधलं आणि स्पिरिटच्या बरणीत उतरवलं. झाकण मेणाने बंद केलं. आमच्याकडे नमुन्याच्या माशाचं तोंड नेहमी डावीकडे ठेवतात, हात सवयीने तसाच चालला. घरी बरणी कपाटावर ठेवली, नावाची चिठ्ठी समोर आली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांची खुर्ची उजवीकडे. त्यांच्या वाट्याला शेपटी!

रंग उडाला होता, डोळाही पांढरा पडला होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. "रुसलीय," म्हणाले आणि न जेवता झोपले. मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका.

सकाळी बघते तर बाबा चहात पाव बुडवून खात बसलेले.

"वळली बघ," ते म्हणाले.

ठमीचं तोंड उजवीकडे होतं. यांनीच बरणी फिरवली असणार, असं मी धरून चालले. पण बरणी फिरवली असती तर चिठ्ठी मागे गेली असती, ती समोरच होती. झाकणाच्या मेणावर माझ्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा. आणि जवळ गेल्यावर वास आला तो स्पिरिटचा नाही... टाकीतल्या शेवाळलेल्या पाण्याचा.

"बाबा... तुम्ही उघडलीत का ही?"

"मी कशाला उघडू? तिला ज्याची काळजी, त्याच्याकडे बघते ती. पहिल्यापासून."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण बाबा जेवायला लागले होते. मी बरणी होती तिथेच राहू दिली.

मग एका संध्याकाळी कामावरून आले तर खुर्ची रिकामी. बाबा त्या वेळी फिरायला जातात, मी खुशाल चहा टाकला असता. पण घर फार गप्प होतं... आणि शेवाळाचा तो वास दारापर्यंत आला होता. मी बरणीकडे पाहिलं.

ठमी डावीकडे वळली होती. न्हाणीघराकडे.

दार आतून बंद. हाक मारली... उत्तर नाही. शेजारच्या काकांनी खांदा लावून कडी तोडली. आत गॅसचा गिझर चालू, खिडकी बंद, आणि बाबा बेशुद्ध.

"वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

बाबा आता ठणठणीत आहेत. भाजीत मीठ कमी म्हणून माझ्याशी भांडतात, आणि ते ऐकताना मला अजून बरं वाटतं. मी ठमीला मनापासून हात जोडले.

कालपासून मात्र ती बाबांच्या खुर्चीकडे बघत नाही.

"माझी काळजी मिटली तिची," बाबा हसून म्हणाले.

ती डावीकडेही नाही. काचेला तोंड टेकवून सरळ समोर बघतेय. मी स्वयंपाकघरात गेले की तिकडे, दाराशी गेले की दाराकडे...

आज जिना उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.