कपाळावरची ओली रेघ

कागदावर चुकून पाय पडला की आपला माणूस काय करतो? वाकतो, बोटं कागदाला लावतो आणि कपाळाला टेकवतो. कुडाळकडच्या जयराम सुताराने कुवेतमध्ये तेवढंच केलं. आता यात भुताला आवतण कुठे आलं, तुम्हीच सांगा.

सकाळचे अकरा वाजले होते. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खच्चून माणसं. मध्ये वीस फुटी कागद अंथरलेला आणि त्यावर एक चिनी बाई अनवाणी, हातात खराट्याएवढा कुंचला घेऊन घुमत होती. खप्... सर्र्... शाईला कापराचा वास. अख्ख्या कागदावर अक्षर एकच. ते झालं की कागद दोरीने उभा टांगायचा, एवढंच जयरामचं काम. उद्या त्याचं विमान होतं. दोन वर्षांची लेक, स्वरा, त्याने आजवर मोबाईलवरच पाहिलेली.

दोरी बांधताना टाच कागदावर पडली. सवयीने नमस्कार झाला. कपाळाला गार लागलं.

कागद वर चढला आणि टाळ्या मध्येच थांबल्या. अक्षराची शेवटची रेघ नव्हती. पुसलेली नाही, फराटलेली नाही... तिथे कोरा पांढरा कागद.

बाई जयरामच्या कपाळाकडे बघत काहीतरी पुटपुटली. दुभाषी असमाने ते हिंदीत सांगितलं, अगदी हळू.

"अक्षराचा अर्थ, घरी परतणं. तिचे गुरू परमुलखात वारले, त्यांच्यासाठी लिहिलेलं. रेघ तुमच्याकडे आली, जयरामभाई. आता ते तुमच्या घरी जातील."

"मस्करी करता काय, मॅडम?"

असमा हसली नाही.

फहाहील भागातल्या आपल्या खोलीवर त्याने कपाळाला साबण लावला, थिनर लावलं. कातडं सोललं, रेघ हलेना. हे घेऊन स्वराजवळ जायचं? संध्याकाळी त्याने तिकीट रद्द केलं आणि बायकोला, नर्मदेला, फोन लावला.

"मी उद्या येवचंय नाय गो."

त्याची नजर आरशात गेली. कपाळ स्वच्छ होतं.

"असा काय बोलतास?" नर्मदा म्हणाली. "अंगणात ओली काळी रेघ आसा... थेट उंबऱ्याच्या भितर. माका वाटला, तुमीच एक दिस आधी इलास. स्वरा भितर 'बाबा, बाबा' म्हणान हसता..."

जयरामला ते हसू ऐकू येत होतं. आणि त्या हसण्यामागून, अगदी सावकाश... खप्... सर्र्...