फुलसावंगीचा रोही

पुसदला उमरखेडच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार सागवानी खांबांवर टाकलेले पत्रे, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि कडेला कडुनिंब. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. अब्बांचं नाव अब्दुल गनी, पण गाव त्यांना गनी मिस्त्री म्हणायचं. उन्हात पत्रे तापले की करकर वाजत. आजही दुपारी डोळा लागला की मला तो आवाज ऐकू येतो, आणि बरं वाटतं.

माझा भाऊ नासिर गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल एकसष्ट.

नासिर फुलसावंगीला कुणाचं तरी पाण्याचं इंजिन दुरुस्त करून सायकलीवर परत येत होता. सायकल एका जागी सापडली आणि तो तिथून बराच पुढे. पोलिसांनी अज्ञात ट्रक लिहिला. पण ज्यांनी त्याला शेवटची आंघोळ घातली ते सांगत होते की त्याचे दोन्ही तळवे भाजलेले होते. ट्रकच्या धक्क्यानं तळवे भाजत नाहीत. अब्बा वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला चहा पाजून विचारत राहिले. त्यांना कोर्ट नको होतं, भरपाई नको होती. ज्यानं केलं त्यानं एकदा तोंडानं सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला त्याहून पुष्कळ जास्त हवं होतं, पण मी बोलत नव्हते.

नासिरचे पाने-पक्कड मी उचलले होते. सुरुवातीला लोक बोलले, मग त्यांच्या गाड्या बंद पडल्या तेव्हा गप्प झाले.

मे महिन्यात किसनराव ठेकेदार आपली लाल गाडी घेऊन आले. सागाच्या लिलावात त्यांनी तरुणपणीच नाव कमावलं होतं. गाडी विलायती, ठेंगणी, दोनच माणसांची. हैदराबादकडच्या कुठल्याशा नवाबाकडून घेतलेली. कुणीतरी तिचं मूळ इंजिन काढून मोठं अमेरिकन इंजिन बसवलं होतं आणि त्याच्या जोडीला आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. क्लचच नाही. असे गिअरबॉक्स अब्बांनी लढाईच्या वर्षांत फौजेच्या वर्कशॉपात पाहिले होते, म्हणून ती आमच्याकडे आली.

"मिस्त्री, नागपूरले दोनदा उघडली," किसनराव म्हणाले. "नवी नवरी सासरी जाते तशी पाय ओढत चालते अन् गिअरबॉक्स तापते. पाय ठेवू देत नाही."

अब्बांनी पट्टी काढून तेल पाहिलं. हे तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असायला हवं. ते काळपट झालं होतं आणि त्याला करपलेला वास होता. पण पातळी बरोबर होती. तेल थंड करणाऱ्या नळ्या आम्ही फुंकून पाहिल्या, त्या मोकळ्या होत्या. रेडिएटर ठीक होता. अब्बांनी ब्रेक घट्ट दाबून, गिअर टाकून, इंजिनाला जोर देऊन पाहिलं. इंजिनाचा आवाज जिथे अडायला हवा तिथेच अडला. आतले पट्टे घसरत नव्हते.

मग मागची चाकं जॅकवर उचलली. बोट लावलं तरी फिरत होती. गाडी खाली उतरवली आणि दोघांनी ढकलली. ती हलली, पण कापसानं भरलेली बैलबंडी हलते तशी. अब्बांनी पुन्हा जॅक लावला. चाकं पुन्हा हलकी.

"ओझं ओढून राह्यली हे," अब्बा हळूच म्हणाले. "रिकाम्या गाडीले ओझं कायचं?"

त्यांनी गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. परतली तेव्हा खालून धग येत होती. नेमकं कुठे तापतं ते पाहायला मी ओलं फडकं घेऊन खड्ड्यात उतरले. ही माझी चुलीवरची रीत. भाकरीवर फिरवलेलं पाणी जिथे आधी सुकतं तिथे तव्याला आच जास्त. मी गिअरबॉक्सच्या चेंबरवर, म्हणजे खालच्या पसरट झाकणावर, फडकं फिरवलं. सगळं लोखंड ओलं झालं.

दोन जागा लगेच सुकल्या.

मी पुन्हा पाणी फिरवलं. पुन्हा त्याच दोन जागा, आणि या वेळी त्यांच्या कडा स्पष्ट दिसल्या. दोन पंजे होते. बोटं पुढे वळून चेंबरच्या काठाला धरल्यासारखी. डाव्या पंजाची करंगळी अर्धीच होती.

नासिरची करंगळी लहानपणी इंजिनाच्या पंख्यात गेली होती. चिंधी मीच बांधली होती.

मी अब्बांना हाक मारली. ते उतरले, पाहिलं, आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी स्वतः एकदा फिरवलं. मग वर गेले. मी तिथेच उभी राहिले. पत्रे करकरत होते.

किसनराव कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते. गाडी कधीपासून तापते, असं अब्बांनी विचारलं.

"गेल्या साली फुलसावंगीच्या अलीकडे एक रोही आडवा आला," किसनराव म्हणाले. "नीलगायच ते, जंगली जनावर, कायले पाहते गाडीगिडी! तवापासून हिचं डोकं गरम."

"रोहीच होता, मालक?"

"मंग काय वाघ होता?"

"अंधार होता काय?"

"दिवसाउजेडी. काहून?"

"खड्ड्यात येऊन पाहा एकदा."

"तुह्या तेलकट खड्ड्यात मी उतरू? काम कर, मिस्त्री."

"आणखी एकदा विचारतो," अब्बा म्हणाले. "रोहीच होता?"

किसनरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "रोहीच," ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

अब्बा खड्ड्यात परत आले. ब्रेकची नळी माझ्या डोक्याजवळच होती. मी पाना तिच्या नटाला लावला. अब्बांनी माझं मनगट धरलं आणि पाना काढून घेतला. मग त्यांनी आपले दोन्ही तळवे वर करून त्या दोन जागांवर टेकवले. मांसाचा वास आला. त्यांनी हात काढले नाहीत.

"गाडीचा काही गुन्हा नाही, नासिर बेटा," ते म्हणाले. "हिले सोड."

गाडी वर उचलल्यासारखी झाली. स्प्रिंगा कुरकुरल्या.

मी चेंबरला हात लावला. मडक्यासारखा गार होता.

बाहेर किसनराव खुर्चीतून उठत होते. ते अर्धे उठले आणि परत बसले. मग मागे वळून पाहिलं, सदरा कुठे अडकलाय असं वाटून. मागे नुसतं कडुनिंबाचं खोड होतं.

गाडी नंतर कधीच तापली नाही. ती त्यांनी अकोल्याच्या कुणाला विकली आणि तिथे ती वर्षानुवर्षं झकास चालली म्हणतात. तापले ते किसनराव. ताप नव्हता, पण अंगाला हात लावला तर चटका बसायचा. चालताना ते पुढे वाकायला लागले, मोट ओढणाऱ्या बैलासारखे. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. खोट काहीच निघाली नाही.

अब्बा चौसष्टच्या उन्हाळ्यात वारले. त्यांचे तळवे शेवटपर्यंत गुळगुळीत होते. जाताना म्हणाले, किसनरावानं तोंडानं सांगितलं तर नासिरले त्याले सोडाले सांग. मी हो म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात पुसदच्या बाजारात, भर दुपारी, किसनराव समोरून आले. त्यांचा माणूस फुलसिंग त्यांचा हात धरून पुढे ओढत होता. मला पाहून ते थांबले. ओठ सुकलेले होते.

"रशीदाबाई, सांग ना त्याले," ते म्हणाले. "सोड म्हनाव."

"कोणाले सांगू, मालक?"

बाजूचे दोन दुकानदार ऐकत होते. किसनरावांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. एका नावाचंच काम होतं. त्यांनी दुकानदारांकडे पाहिलं, फुलसिंगकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"रोह्याले सांगू?" मी विचारलं.

फुलसिंगनं त्यांना पुढे नेलं. रस्त्यावर मऊ पांढरी धूळ होती. त्यांच्या पावलांच्या मागे, दीड हात अंतर सोडून, त्या धुळीत दोन ओळी उमटत चालल्या होत्या. पालथ्या माणसाच्या पायांची बोटं ओढत नेल्यावर उमटतात तशा.

मी चपला हातात घेतल्या आणि त्या ओळींवर पाय पडणार नाही अशी, कडेकडेनं, वळणापर्यंत सोबत चालत गेले. वळणावर चढ होता. तिथे ओळी जास्त खोल झाल्या.