कमी येणारी गाडी

बंद पडायचंच होतं, तर निदान तिने जागा तरी बरी निवडली! शोरूमच्या गेटात, अगदी मधोमध, ती जुनी निळी गाडी एक आचका देऊन थांबली आणि मागे हॉर्न सुरू झाले. आत बसलेल्या आपल्या फिजिओथेरपिस्ट बाईसाहेबांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली आणि शेवटी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आज ती इथे नवी गाडी बघायला निघाली होती. म्हाताऱ्या गाडीला त्याचा सुगावा लागला असणार, दुसरं काय!

काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन.

"हँडब्रेक काढा, ढकलतो."

"काढलाय."

"काढला असता तर हलली असती…"

तिने खाली पाहिलं. अगं बाई! घाबरून तिनेच तो ओढून ठेवला होता. "आता काढलाय," ती शक्य तितक्या तोऱ्यात म्हणाली. तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले, आणि ते तिला चांगलंच झोंबलं.

शोरूमच्या मागेच त्याच कंपनीचं सर्व्हिस सेंटर होतं. तो तिथला सल्लागार. म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मेकॅनिकला समजतील अशा भाषेत सांगायच्या. निळी गाडी आत गेली आणि ही शोरूममध्ये. तिथल्या गोडबोल्या माणसाने तिला छतातून आकाश दाखवलं, सीटमधून गार हवा कशी येते ते दाखवलं, पडद्यावर नकाशा नाचवला. ती हातात चकचकीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन सल्लागाराच्या टेबलापाशी आली आणि धपकन बसली.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तुमच्याकडे दुरुस्तीला सगळ्यात कमी कोणती गाडी येते?"

त्याने पेन खाली ठेवलं. "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं."

मग तिने सगळंच सांगून टाकलं. डोंगरातल्या एका हॉस्पिटलने तिला नवा विभाग उभा करायला बोलावलं होतं. अपघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं. शिकत होती तेव्हापासून तिला हेच करायचं होतं. पण घरी आई एकटी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. उन्हाळ्यात हीच निळी गाडी भर रस्त्यात बसली होती, आणि आई तो नवा गुडघा घेऊन अख्खी दुपार एका दगडावर उन्हात बसून राहिली होती. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "तू खुशाल जा. मी काही तुझ्या गाडीत पुन्हा बसायची नाही." आता आईला मागे टाकून ही जाणार कशी? म्हणजे गाडीची निवड चुकली की नोकरीही गेली. आणि शिल्लक होती ती एकाच साध्या गाडीपुरती.

"मामा म्हणतो मोठी घे. मैत्रीण म्हणते लाल घे. शेजारचे काका म्हणतात वर्षभर थांब."

"आणि आई काय म्हणतात?"

तिला हसू आलं. आईला कोणी विचारलंच नव्हतं.

"त्यांना घेऊन या," तो म्हणाला. "तुमचं रोजचं सामानही आणा. जे गाडीतून जाणार आहे ते सगळं. गाडी बघायला लोक सुटसुटीत येतात आणि मग घरी गेल्यावर पंचाईत होते."

तो उठला तेव्हा तिने सहज म्हटलं, "डाव्या बाजूला कंबर दुखते ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही गाड्यांचे आवाज ऐकता. मी माणसांची चाल बघते." आता डोळ्यांतून हसायची पाळी तिची होती.

मग त्याच्या प्रत्येक सुट्टीला तिघं निघायची. आई, ती आणि सल्लागार. या कंपनीचं झालं की त्या कंपनीचं शोरूम. विकणारे हैराण! कारण ही मंडळी पडद्याकडे बघतच नव्हती. आई आधी नुसती बसून उठायची. एक गाडी इतकी उंच की चढायलाच शिडी लागावी, दुसरी इतकी खोल की आईला ओढून काढावं लागलं. पेशंटला झोपवायचं तिचं घडीचं टेबल डिकीत आडवं मावतंय का, ते बघून व्हायचं. मग ती चालवायची आणि सल्लागार मागच्या सीटवर, आईच्या शेजारी. खडबडीत रस्ता आला की म्हणायचा, "आता कोणी बोलू नका," आणि डोळे मिटून ऐकत राहायचा.

ती आरशातून त्याच्याकडे बघायची. एखाद्या गोष्टीकडे इतकं मनापासून लक्ष देणारा माणूस तिने फार दिवसांत पाहिला नव्हता… आपलं बोलणंही तो असंच ऐकतो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. कंबरेचे व्यायाम तिने एकदाच सांगितले होते, तो ते नेमाने करत होता.

"तुमची स्वतःची गाडी कोणती?" तिने विचारलं.

"माझ्याकडे कुठे गाडी? बसने येतो जातो."

"काय सांगता! आणि आम्ही तुमच्या सल्ल्यावर!"

"दिवसभर आजारी गाड्याच भेटतात हो. हिंमत होत नाही." आई खो-खो हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

निवड होत आली आणि तिला वाटलं, ठरलंच आता. त्याच्याच कंपनीची छोटी राखाडी गाडी. आईला आवडलेली, टेबल मावणारी. सर्व्हिसिंगला इथेच आणायची, म्हणजे वरचेवर… पुढचं ती मनातही पूर्ण बोलली नव्हती.

तो मात्र कॉफीचा कप नुसताच फिरवत बसला होता.

"ही घेऊ नका," तो म्हणाला. "गाडी चांगली आहे. पण तिकडे डोंगरात आमचं सर्व्हिस सेंटर नाही. त्या दुसऱ्या कंपनीचं तुमच्या हॉस्पिटलच्या खालीच आहे. मी फोन करून विचारलं. त्यांची पांढरी घ्या. मधलं मॉडेल. छतातून आकाश दिसणार नाही, पण एअरबॅग सगळ्या आहेत, आणि ती फारशी बंद पडत नाही."

"म्हणजे मला इथे परत यायलाच नको?"

"गाडीसाठी तरी… नको."

ती बघत राहिली. बोलेल, आता काहीतरी बोलेल. त्याने कप खाली ठेवला. बस्स! तिला रागच आला. एवढ्या तत्परतेने कोणी स्वतःला कटवतं का? "थँक्यू," ती कोरडेपणाने म्हणाली आणि निघाली.

पांढरी गाडी आली. शोरूमवाल्याने किल्लीबरोबर फुलं दिली, फोटो काढले. फोटोत आई हसतेय आणि ही बाजूला कुठेतरी बघतेय.

दोघी डोंगरात राहायला गेल्या. गाडी मात्र खरंच गुणी निघाली. धुक्यात सुरू झाली, चढावर दमली नाही. आई आपणहून म्हणायला लागली, "चल, जरा चक्कर मारून येऊ." हॉस्पिटलात एक म्हातारे गृहस्थ काठी सोडून चार पावलं चालले, त्या दिवशी तिला वाटलं, हे कोणाला तरी सांगावं. कोणाला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. घरी येऊन ती उगाच गाडीत बसून राहिली. इंजिन असं एकसारखं चालू होतं की तिला रडूच फुटलं.

पहिली सर्व्हिसिंग खाली, हॉस्पिटलजवळच झाली. त्यानंतरच्या रविवारी, भुरभुर पाऊस पडत असताना, एक पांढरी गाडी सल्लागाराच्या सर्व्हिस सेंटरच्या गेटात येऊन उभी राहिली. बरोबर मधोमध.

"मॅडम, ही आपल्या कंपनीची नाही," वॉचमन म्हणाला. "इथे होणार नाही."

"माहितीये. सल्लागारांना बोलवा."

तो आला. भिजत, पेन तसंच खिशाला. गाडी बघून थबकला. "काय तक्रार आहे?"

"बंद पडत नाही."

"अं?"

"एकदाही बंद पडली नाही. आवाज नाही, खडखड नाही, काही म्हणजे काही नाही!" ती म्हणाली. "ती निळी बरी होती. तुमच्याकडे आणावी तरी लागली. हिने मला इथे यायला एक कारण दिलं नाही. शेवटी असंच यावं लागलं… तुमच्यासाठी."

पाऊस त्याच्या चेहऱ्यावरून ओघळत होता आणि तो पुसत नव्हता.

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला. "ही घेतलीत की तुम्ही परत येणार नाही, हे मला माहीत होतं."

"मग कशाला सांगितलंत घ्यायला?"

"आई पुन्हा उन्हात बसायला नकोत म्हणून." त्याने आता चेहरा पुसला. "तिकडची बस सकाळी सुटते. दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो."

"परत का?"

"काय सांगून येणार होतो? गाडी चांगली चालतेय का विचारायला? ती चालणारच होती. तुमच्याशिवाय करमत नाही, हे सांगायला तोंड नव्हतं."

"आता सांगितलंत की," ती म्हणाली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

मागे हॉर्न वाजायला लागले. तो सवयीने मागचं दार उघडायला गेला. मागची काच खाली झाली आणि आतून आईने डोकं बाहेर काढलं.

"इथे मी बसलेय. अहो सल्लागार, पुढे बसा पटकन, गेट अडलंय!"