मुके टॅपेट

विश्वजीतने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक पोलादी वस्तू काढली आणि श्यामला सबनीस यांच्या टेबलावर ठेवली. पालथ्या घातलेल्या छोट्या वाटीसारखी दिसत होती ती.

"ओळखा काय आहे," तो म्हणाला.

"तुम्ही कोडी घालायला आलात की सोडवून घ्यायला?" श्यामलाबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

बिबवेवाडीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर श्यामलाबाईंचं ऑफिस होतं. खासगी तपासाची कामं त्या घेत. सोबत नागोराव असत. ते निवृत्त हवालदार. माणूस भला, पण डोक्याची गाडी पहिल्या गिअरमधून सहसा वर जात नसे. त्यांनी ती वाटी उचलून नाकाजवळ नेली.

"तेलाचा वास येतोय, बाई."

"उत्तम. तपास सुरू झाला."

विश्वजीत ओशाळून हसला. पंचविशीतला तरुण. नगर रस्त्यावर इमारती उठू लागल्या त्या वर्षांत वाघोलीची त्यांची शेती एका गृहप्रकल्पात गेली होती, आणि विश्वजीतच्या दारात एक लाल मोटार आली होती.

"टॅपेट हाय हा. इंजिनातला वाल्व्ह उघडतो ना, त्याच्या डोक्यावर बसतो. गॅरेजवाल्या वैजनाथकाकांनी माझं इंजिन बांधलंय. टर्बो टाकलाय. रविवारी साताऱ्याकडच्या घाटात चढणीची शर्यत हाय. कंपनीचे हायड्रॉलिक टॅपेट काढून काकांनी सॉलिड घातले, माझ्या डोळ्यांदेखत. काल बायपासला गाडी ताणली, तर इंजिनाचे फेरे मिनिटाला सहा हजारांच्या वर गेले की दमच तुटायला लागला तिचा. ओळखीच्या मेकॅनिककडं कव्हर उघडलं. आत हे. जुने हायड्रॉलिक! कुणीतरी गुपचूप बदललेत."

"कव्हर आधी कुणी उघडल्याच्या खुणा होत्या?"

"काहीच नाही. बोल्टवर काकांच्या पिवळ्या रेघा असतात, त्यासुद्धा जागच्या जागी."

"आणि काका काय म्हणाले?"

"'राहू दे तसेच.' एवढंच. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. मला वाटतंय, ते कुणाला तरी पाठीशी घालतायत."

"कुणाला?"

विश्वजीत घुटमळला. "अभिनवला. त्यांचा मुलगा. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये हाय. गॅरेज बंद करा म्हणून वर्षभर मागं लागलाय. पण पोलीस नकोत, मॅडम. माझे वडील गेले तेव्हा काका रोज घरी येऊन बसायचे. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलंय मला. फक्त खरं काय ते कळू द्या."

वैजनाथ यांचं गॅरेज घराच्या मागच्या अंगाला होतं. तरुणपणी नांदेडहून ते कारखान्यात कामाला आले आणि पुढे इंजिनांतच रमले. श्यामलाबाई आणि नागोराव पोचले तेव्हा ते पाठमोरे उभे राहून एका इंजिनाच्या बोल्टवर बारीक ब्रशने पिवळी रेघ ओढत होते.

"नमस्कार," श्यामलाबाई म्हणाल्या.

उत्तर आलं नाही. नागोराव खास हवालदारी थाटात खाकरले. तरीही नाही. दोघांची सावली समोरच्या बाकावर पडली तेव्हा वैजनाथ वळले.

"अरे, या, या!"

"कामात माणूस किती गुंगून जातो बघा," नागोराव कौतुकाने म्हणाले.

"ही रेघ कशासाठी?" श्यामलाबाईंनी विचारलं.

वैजनाथ यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, मग उत्तर दिलं. "बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खाली कव्हरपर्यंत सलग रेघ ओढायची. मागाहून कुणी बोल्ट हलवला तर रेघ तुटते. लगेच दिसतं."

"आणि टॅपेटची भानगड काय आहे? नागोरावांना कळेल असं सांगा."

वैजनाथ खुलले. त्यांनी दोन टॅपेट दोन तळहातांवर घेतले. "हा हायड्रॉलिक. याच्या पोटात तेल खेळतं आणि फट आपोआप भरून निघते. गॅप ठेवायची नाही, सेटिंग नाही, आवाज नाही. रोजच्या गाडीला सोन्यासारखा. पण इंजिन फार जोरात फिरलं की पोटात तेल जास्त होतं, वाल्व्ह पुरता मिटत नाही, दम तुटतो. हा दुसरा सॉलिड. भरीव. कितीही पळवा, दगा देत नाही. मात्र याची गॅप आपण राखायची. टर्बोच्या इंजिनात उष्णता फार. वाल्व्ह तापून लांबतो. गॅप कमी पडली तर तो मिटत नाही, जळतो, तुकडा आत पडतो."

"मग गॅप बरोबर आहे हे कळतं कसं?"

"गेजची पट्टी लावून मोजून ठेवायची. पण इंजिन तापल्यावर कानाने पारखायची. सॉलिड टॅपेट टिकटिक करतो. टिकटिक आहे तोवर गॅप आहे." ते थांबले. "गप्प झाला की भ्यायचं."

कुणाचीतरी जीप दुरुस्तीला आली होती. ती त्यांनी सुरू केली. इंजिनाचा पट्टा असा किंचाळला की नागोरावांनी कानांवर हात ठेवले. वैजनाथ इंजिनावर तळवा टेकवून शांतपणे उभे होते.

जीप बंद करून ते पाठमोरे झाल्यावर श्यामलाबाईंनी विचारलं, "विश्वजीतचे टॅपेट कुणी बदलले असतील?"

"हो, हो, चहा घेऊनच जायचं," वैजनाथ म्हणाले.

"सरळ उडवून लावतायत, बाई," नागोराव कुजबुजले.

वैजनाथ यांच्या पत्नी, गोदाबाई, चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारली नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि कप पुढे केला.

चहा पिता पिता नागोरावांना शेल्फावर एक डबा सापडला. आत मऊ जुन्या लुगड्याचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात तेल लावून ठेवलेला एक सॉलिड टॅपेट. कुठला कुठे बसायचा त्याचा आकडासुद्धा खडूने घातलेला.

"चोरीचा माल!" ते हळूच म्हणाले.

"असा बाळंतविड्यासारखा गुंडाळून ठेवलेला चोरीचा माल तुमच्या नोकरीत कधी पाहिलात का?"

विश्वजीतची थोरली बहीण तनुजा वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवत असे. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मी गेले होते काकांकडे. समोर बसून सांगितलं, मला एकच भाऊ आहे. ते टर्बो का काय ते काढून टाका, नाहीतर गाडी बिघडवा. पाया पडले त्यांच्या."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, 'मलाही त्याचीच काळजी आहे, ताई.' आणि डोळे पुसले. मला वाटलं होतं, रागावतील."

"मग टॅपेट तुम्ही बदलून घेतलेत?"

"टॅपेट म्हणजे काय?" तनुजाने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ प्रश्न होता.

अभिनवला शोधावं लागलं नाही. संध्याकाळी तो स्वतःच ऑफिसात आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

"आई म्हणाली, तुम्ही येऊन गेलात. मॅडम, ते मीच केलं. प्लीज, बाबांना आता काही विचारू नका."

नागोरावांनी विजयी मुद्रेने पाहिलं.

"कसं केलंत?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"किल्ली माझ्याकडे असते. आई-बाबा लग्नाला गेले होते. कव्हर उघडलं, सॉलिड काढून हायड्रॉलिक टाकले, एकेकाची गॅप सेट केली आणि क्लोज केलं. गॅपलाच जास्त टाइम गेला."

"गॅरेजमध्ये बरंच काम केलेलं दिसतंय तुम्ही."

"नाही हो. बाबांनी पान्याला हात लावू दिला नाही कधी. अभ्यास कर म्हणायचे."

"आणि पिवळ्या रेघा?"

"कसल्या रेघा?"

"काही नाही. कारण काय?"

"शर्यत हरली की नाव खराब होईल, गॅरेज बंद होईल. मला तेच हवंय." हे बोलताना त्याने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली.

तो गेल्यावर नागोराव उठले. "संपली केस."

"बसा. या मुलाला खोटं बोलण्याची सवय नाही. उद्या सकाळी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलवा."

सकाळी लाल मोटार गॅरेजच्या मधोमध उभी होती. विश्वजीत आणि तनुजा दारापाशी, अभिनव आईशेजारी. श्यामलाबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या वैजनाथ यांच्या अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून बसल्या. सावकाश, शब्द तोडून बोलू लागल्या.

"ज्याने हे केलं त्याला इंजिनाचं वाईट करायचं नव्हतं. वाईट करणारा वाळू टाकेल, नट सैल सोडेल. इथे तर काढलेले टॅपेट तेल लावून, आकडे घालून जपून ठेवलेत. पुन्हा कधीतरी बसतील, या आशेने ठेवल्यासारखे. तनुजाताईंना गाडी बंद पडायला हवी होती, पण टॅपेट म्हणजे काय हेच त्यांना माहीत नाही."

"मी कबूल केलंय ना," अभिनव मध्येच म्हणाला.

"हो. हायड्रॉलिक टॅपेटची गॅप सेट केल्याचंही कबूल केलंत. त्याला गॅप ठेवतच नाहीत. हे नागोरावांनासुद्धा आता पाठ झालंय."

नागोरावांनी मान डोलावली.

"शिवाय रेघा. दुसऱ्या मेकॅनिककडे कव्हर उघडलं तेव्हा त्या सलग होत्या. अभिनवला तर अशा रेघा असतात हेच ठाऊक नाही. म्हणजे टॅपेट बदलल्यावर बोल्ट आवळून ज्याने सवयीने नव्या रेघा ओढल्या, तो एकच माणूस. वैजनाथराव, तुमचे टॅपेट तुम्हीच बदललेत."

वैजनाथ त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"एवढी मेहनत करून बांधलेलं इंजिन माणूस स्वतःच्या हाताने का दमवेल? इथेच मी अडले होते. मग आठवलं, नागोराव खाकरले ते तुम्हाला ऐकू आलं नाही. पट्टा किंचाळला, तोही नाही. टॅपेटचं विचारलं, तुम्ही चहाचं सांगितलंत. माझं तोंड दिसत होतं तेव्हा मात्र प्रत्येक उत्तर बरोबर आलं. आणि गोदाबाई तुम्हाला हाक मारत नाहीत, खांद्याला हात लावतात." श्यामलाबाईंचा आवाज मऊ झाला. "टिकटिक ऐकू येईना, होय ना?"

वैजनाथ यांनी हातातलं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले. वाटलं, इंजिनं बरी चालतायत. मग एक गिऱ्हाईक परत आलं. म्हणालं, 'एवढं खडखडतंय, ऐकू येत नाही का?' तेव्हा कळलं. आता प्रत्येक इंजिन मला गप्पच वाटतं. मी म्हणालो ना, गप्प झाला की भ्यायचं. रोज भीत होतो."

"काका, मला सांगायचं ना!" विश्वजीत पुढे आला.

"काय सांगू? नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्या कुणाकडे गेला असतास. ज्या इंजिनाचं मला ऐकू येत नाही, त्यात तुला कसं बसवू? हायड्रॉलिक मुका असला तरी इमानी. वर दम तुटेल, शर्यत जाईल, पण पोरगं घरी येईल. एवढाच विचार केला."

तनुजा तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळली.

वैजनाथ मुलाकडे वळले. "आणि तू रे? खोटं का बोललास?"

"तुम्हीच केलंत हे मला समजलं होतं," अभिनव म्हणाला. तो वडिलांच्या समोर गुडघ्यांवर बसला, चेहरा त्यांना दिसेल असा. "बाबा, तुम्ही फोन उचलत नाही, मागून हॉर्न वाजला तरी वळत नाही. वर्षभर गॅरेज बंद करा म्हणतोय ते त्यासाठीच. एखाद दिवशी रस्त्यात... आणि चारचौघांत कुणी तुम्हाला बहिरे म्हणेल, ते मला ऐकवलं नसतं. त्यापेक्षा मी वाईट ठरलो तर काय बिघडलं?"

"मला वाटलं, तुला कळलं तर मला घरी बसवशील," वैजनाथ पुटपुटले.

गोदाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "दोघंही माझ्याजवळ येऊन गप्प बसायचे. एकमेकांशी बोलायला काय झालं होतं?"

थोड्या वेळाने विश्वजीतने गाडीचं बॉनेट उघडलं. "काका, कुठले टॅपेट घालायचे ते तुम्हीच सांगा. हायड्रॉलिक म्हणाल तर तसंच पळवतो. शर्यत गेली तर गेली."

वैजनाथ यांनी शेल्फावरचा डबा काढला.

"इंजिन सॉलिडचंच आहे. गॅप मी ठेवतो, माझी बोटं अजून शाबूत आहेत. पण ऐकणारा पाहिजे." त्यांनी लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर अभिनवपुढे धरला. "येतोस?"

अभिनवने गळ्यातलं ओळखपत्र काढून आईच्या हातात दिलं.

दुपारपर्यंत टॅपेट बसले. इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. अभिनवने स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वैजनाथ त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते.

"कसा येतोय?"

"अडकित्त्याने सुपारी कातरल्यासारखा. बारीक, एकसारखा."

"बरोबर. पुढे सरक."

अभिनव सरकत गेला. एका जागी तो थांबला. टोक उचललं, पुन्हा टेकवलं.

"बाबा, इथे काहीच नाही."

"नीट ऐक. घाई नको."

"ऐकतोय. बाकीचे सगळे बोलतायत. हा एकटा गप्प आहे."

वैजनाथ यांनी इंजिन बंद केलं. कव्हर उघडून त्या टॅपेटवरच्या फटीत गेजची पातळ पट्टी सरकवून पाहिली. ती आत शिरेना. त्यांचा चेहरा उजळला. रविवारी ही गाडी अशीच घाटात गेली असती तर काय झालं असतं, ते तिथल्या प्रत्येकाला समजलं. तनुजाने भावाचा दंड घट्ट धरला.

नागोराव रुमाल शोधू लागले. श्यामलाबाईंनी त्यांना बाहेर चलण्याची खूण केली.

मागे वैजनाथ मुलाचा हात धरून त्या टॅपेटवर ठेवत होते.

"बघ," ते सांगत होते, "हा इतकाच सैल करायचा."