दोन बाहुल्यांमधलं अंतर

"अहो, ही कुठली बस आली?"

कोथरूडच्या बसथांब्यावर शुभंकर आषाढातली सर ओसरायची वाट बघत उभा होता. समोरच रस्त्यापलीकडे त्यांचं चष्म्याचं दुकान. पण हातात नव्या काचांचं खोकं होतं आणि ते भिजलं असतं तर वडिलांनी दिवसभर बोलून घेतलं असतं. विचारणारी मुलगी शेजारीच उभी होती, ओढणी डोक्यावर धरून, डोळे बारीक करून. बस तर अगदी पुढ्यात येऊन थांबलेली.

"हडपसर. पाटीवर हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलंय."

"हत्ती असता तर दिसला असता," ती म्हणाली. "अक्षरं दिसत नाहीत म्हणूनच विचारलं ना!"

शुभंकर ओशाळला. चष्मेवाल्याच्या पोरानं असं बोलावं?

"मग चष्मा का लावत नाही?"

"आहे की. ऑनलाइन मागवला." तिनं पर्समधून एक नवाकोरा चष्मा काढला. "लावला की गरगरतं. ते विचारतात, तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर किती? मी पट्टी घेऊन आरशासमोर उभी राहिले. आता दिसत असतं तर चष्मा कशाला मागवला असता? पट्टीवरचा आकडाच वाचता येईना. मग दिला अंदाजानं ठोकून."

शुभंकरला हसू आवरेना. पाय न बघता चपला शिवायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार!

"समोर आमचं दुकान आहे. माप घेऊन देतो नीट."

"म्हणजे तुम्ही थांब्यावर उभं राहून गिऱ्हाईक धरता?"

"पाऊस असेल तेव्हाच," तो म्हणाला.

तिनं बस सोडली.

दुकानात गल्ल्यावर शरच्चंद्र बसले होते, शुभंकरचे वडील. त्यांनी पेपराआडून पाहिलं. "पाय पुसा आधी. डोळे मग बघू." गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांनी आतली तपासणीची खोली मुलावर सोपवली होती, यंदाच. मापाची पट्टी हातात देताना एवढंच म्हणाले होते, "काच फुटली तर बदलता येते. माप चुकलं की दुकानाचं नाव जातं. ज्या दिवशी चुकशील, त्या दिवशी पट्टी परत घेईन."

मुलीचं नाव नम्रता. मूळची यवतमाळची, इथे एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. मागच्या बाकावर कोण बसलंय हे तिला आवाजावरून ओळखावं लागे.

आता बाहुल्यांमधलं अंतर मोजतात कसं, तर समोरासमोर बसायचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर पट्टी आडवी धरायची, आपला एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, माझ्या उघड्या डोळ्यात बघा. मग तो मिटून दुसरा उघडायचा. शुभंकरनं हे आजोबांचं केलं होतं, शाळकरी पोरांचं केलं होतं, हळदीच्या आदल्या दिवशी आलेल्या नवरीमुलीचंही केलं होतं. कधी काही वाटलं नव्हतं.

"माझ्या डोळ्यात बघा..."

नम्रतानं बघितलं. दूरचं न दिसणाऱ्या माणसाला जवळचं फार स्वच्छ दिसतं. ती पापणी न हलवता, अगदी मन लावून बघत राहिली. ओल्या केसांतून एक थेंब तिच्या कपाळावरून घरंगळला.

"बाप्पा!" ती हळूच म्हणाली. "काळा नाही, तपकिरी आहे तुमचा डोळा."

पट्टी हलली. अगदी थोडी. परत मोजायला हवं होतं. पण पुन्हा एकदा बघा म्हणायला त्याची जीभ रेटेना. दिसला तो आकडा त्यानं लिहून घेतला.

चष्मा तयार झाला. तो लावून नम्रता दुकानाच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "झाडाला पानं वेगवेगळी असतात!" ती ओरडली. येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या पाट्या तिनं मोठ्यांदा वाचून दाखवल्या. शरच्चंद्र म्हणाले, "वाचनालय पुढच्या चौकात आहे."

पण थोड्याच दिवसांत ती परत आली. "डोकं दुखतं हो."

"चष्मा लावायची पहिलीच वेळ आहे. सवय होईल," शुभंकर म्हणाला. सगळेच दुकानदार असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

ती पुन्हा आली. पुन्हा सवय होईल. तपासणीच्या निमित्तानं बसणं होई, चहा येई. ती क्लासमधल्या पोरांच्या नकला करून दाखवी, तो लहानपणी काचांच्या डबीत मुंगळे पाळल्याचं सांगे.

"एक सांगू?" एकदा ती म्हणाली. "चष्मा नव्हता तेव्हा तुम्ही जास्त देखणे दिसत होता."

"मग काढून ठेवा."

"काढला असता... पण हसताना गालाला पडते ती खळी दिसत नाही मग."

त्या दिवशी शुभंकरनं तीन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

आणि मग एका दुपारी ती आली ती बसलीच नाही.

"क्लास सोडतेय," ती म्हणाली. "फळ्यावर उदाहरण मांडलं की डोकं ठणकतं, पोरांवर उगाच ओरडते. आई म्हणते, घरी ये. मला बहुतेक चष्मा सोसतच नाही. तुम्हाला सांगून जावं म्हटलं..."

शुभंकरनं हात पुढे केला. "द्या जरा इकडे," तो म्हणाला. त्यानं चष्मा यंत्राखाली धरला, दोन्ही काचांच्या मध्यबिंदूवर शाईचा एकेक ठिपका दिला आणि तिच्या डोळ्यांवर चढवला. ठिपके बाहुल्यांवर यायला हवे होते. ते नाकाकडे सरकून बसले होते.

बाहेर गल्ल्यावर पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. अजून एकदा 'सवय होईल' म्हटलं असतं, तर ती निघून गेली असती आणि जगात कुणाला काही कळलं नसतं.

"दोष तुमच्या डोळ्यांचा नाही," तो म्हणाला. "मापाचा आहे. मी घेतलेल्या मापाचा."

पेपर खाली आला.

"तुम्ही बघितलंत... आणि माझा हात हलला. परत मोजायचं धाडस झालं नाही. नंतर तरी तपासायला हवं होतं. तेही केलं नाही."

"काहून?"

"तुम्ही परत येत होता... म्हणून."

नम्रताचा आवाज चढला. "म्हणजे माझं डोकं फुटत होतं आणि तुम्ही मला चहा पाजत होता?"

"हो."

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाहेरच्या बाजूला वळली. "काका, माप तुम्ही घ्या."

शरच्चंद्र गुडघे धरत आत आले. मुलासमोर हात पुढे केला. शुभंकरनं पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी माप घेतलं, पुन्हा घेऊन पडताळलं आणि म्हणाले, "चूक दुकानाची आहे. नवा चष्मा दुकान देईल. क्लास तेवढा सोडू नका. गणिताचे मास्तर आधीच कमी आहेत."

नवा चष्मा ती न्यायला आली तेव्हा शुभंकर मागच्या खोलीत काचा घासत होता. तो बाहेर आला नाही. तिनंही विचारलं नाही. ज्याचा चष्मा बरोबर बसला, तो माणूस वर्ष-दोन वर्षं चष्म्याच्या दुकानाकडे फिरकत नाही. शुभंकरला हे ठाऊक होतं. थांब्यावर बस लागली की त्याची मान आपोआप वर व्हायची आणि पुन्हा खाली जायची.

श्रावण सरत आला होता. ऊन-पाऊस एकदमच पडत होता, तेव्हा दारातून आवाज आला, "पाय पुसलेत हो काका."

शुभंकर दचकून उठला. "डोकं दुखतंय का?"

"नाही. अजिबात नाही."

"नाकाला रुततो? दांडी ढिली झाली?"

"काहीच नाही झालं. झकास बसलाय."

"मग...?"

"मग काय? काही दुखलं तरच यायचं का इथे?" ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "फार राग आला होता मला. अजून थोडा आहे. पण क्लास सुटला की पाय इकडेच वळायचे आणि मी त्यांना दामटून घरी न्यायचे. आज सुट्टी होती... दामटलं नाही. पुण्यात येऊन वर्ष झालं, बघितलं काय, तर नुसता धूर. आता दिसतंय, तर दाखवा कुणीतरी."

शुभंकरनं वडिलांकडे पाहिलं.

"जा," शरच्चंद्र पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "तुझ्या जन्माआधीही हे दुकान चालत होतं."

दोघं रस्त्यावर आले. सर अजून रेंगाळत होती. तिच्या काचांवर थेंब जमले तशी ती थांबली, चष्मा काढून त्याच्याकडे दिला, आणि तेवढा वेळ रस्ता दिसत नाही म्हणून त्याचा हात धरला. शुभंकरनं एका हातानं, शर्टाच्या टोकाला, जमेल तशा काचा पुसल्या. जरा जास्तच वेळ पुसल्या. मग चष्मा तिच्या डोळ्यांवर नीट बसवला.

तिला आता सगळं दिसत होतं. हात मात्र तिनं सोडला नाही.